कचेरीची मुतारी अन् पुंजाजी

ज्यानं तालुक्याच्या कचेरीची ती मुतारी बांधली, तो इंजिनेर मले एकदा भेटला असता ना, तर त्याले धोतर नेसवून तिथंच बसवला असता. म्हणलं असतं, बस बे, अन् दाखव करून!

उभ्यानं करणाऱ्या साहेब लोकाईसाठी बांधली होती ती. समोर छातीइतकी भिंत, खाली फरशी, मंधात आडोसा काही नाही. आम्ही पडलो बसणारे लोक. बसलं की फरशीचा उतार उलटा, सगळं आपल्याच टाचेखाली. अन् दार ठेवलं कुठं, तर कोर्टाच्या ओसरीसमोर! बसलेल्याची पाठ अख्ख्या तालुक्यानं पाह्यावी.

तरी लोकाईनं आपले कायदे केलेच. पहिल्यानं एक कोपरा धरायचा, दुसऱ्यानं दुसरा. मंधात जागा असली तरी तिसरा बाहेर आभाळाकडं पाहत उभा. बाहेरच्यानं खाकरायचं, आतल्यानं उलट खाकरून सांगायचं की मी आहे. रामराम नाही. अन् बोलायचं तर नावच काढू नका. लघवीले बसलेला माणूस बोलत नसतो, हे आम्ही लहानपणीच शिकलेलो.

आमच्या अमडापूरचा पुंजाजी याच्यात लईच कडक. वांगे-कांदे पिकवणारा, गळ्यात माळ, कोणाच्या अध्यात ना मध्यात. त्याची आणखी एक पंचाईत होती. मागं माणूस उभा असला की त्याले व्हायचीच नाही. त्याची बायको झुंबरबाई हसे, म्हणे, "याईले लघवीलेबी अख्खं वावर लागते."

अशा माणसावर त्या दिवशी कडूबाची सुटका अवलंबून होती. कडूबा त्याचा शेजारी. देऊळगाव राजाच्या बाजारातून भर दुपारी एका मालदाराचा बैल चोरीले गेला, अन् नाव आलं कडूबावर. त्या दुपारी तर तो पुंजाजीच्या विहिरीवर मोट हाकत होता, पण पाह्यणारा एकटा पुंजाजी. त्याची साक्ष झाली तर कडूबा सुटणार, नाही तर जेल. अन् घरी बायको रुख्मिणी पोटुशी.

गाडी मीच हाकली होती, रुख्मिणीबी संगं आली होती. सकाळपासून आम्ही ओसरीवर बसून. पुकारा कवा होईल नेम नाही. आवाराबाहेर जावं तर हाक ऐकू येत नाही, झाडामागं बसावं तर चपराशी काठी घेऊन धावे. पुंजाजी मुतारीत जाये अन् तसाच परत येये. दुपार टळली तवा त्याचं तोंड पिवळं पडलं.

"काऊन हो?" मी इचारलं.

"मागं माणूस उभा राह्यते निवृत्ती. होऊनच नाही राह्यली. मरतो आता मी."

"चला. मी दारात पाठ करून उभा राह्यतो. कोणाच्या बापाले येऊ देत नाही."

देवा रे! नेमकी तवाच आत धार लागली, अन् नेमका तवाच पुकारा झाला. "पुंजाजी वल्द सखाराम हाजीर हैऽऽ!"

आतून खाकरणं आलं.

मी वरडलो, "आहे हो, आत आहे!" चपराशी म्हणे, "त्याच्या तोंडानं हाजीर म्हणू दे." दुसरी हाक झाली. आतून असं खाकरणं आलं की माणसाचं काळीज बाहेर पडावं. मी दारातून म्हणलं, "बोला हो पुंजाजी! पाया पडतो, बोला!" तिसऱ्या हाकेले चपराशानं तोंड उघडलं, अन् आतून रडल्यासारखा आवाज आला, "हाजीर! हाजीर हो!"

धार थांबायच्या आधीच तो उठला होता. खांद्यावरचं उपरणं कमरेले गुंडाळत पळत कोर्टात गेला.

तिथं सरकारी वकील टपलेलाच. "हुजूर, हा तिसऱ्या हाकेपर्यंत गायब होता. भिंतीमागं याले कोणी पढवत होतं. कुठं होता बे, सांग!"

समोर साहेब, बाजूले सुनेसारखी रुख्मिणी. पुंजाजीच्या तोंडातून तो शब्द निघेना. साहेब म्हणे, "सांग, नाही तर तुझी साक्ष धरत नाही." कडूबा पिंजऱ्याचा गज धरून त्याच्याकडं पाहत होता.

पुंजाजीनं खाली मान घातली अन् उपरणं सोडलं. धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, थेंब फरशीवर पडत होते. सगळं कोर्ट खो खो हसलं. साहेबानं खिडकीतून मुतारीकडं पाह्यलं अन् कारकुनाले म्हणे, "लिहून घ्या याची साक्ष."

कडूबा सुटला. पण पुंजाजी काही केल्या गाडीत रुख्मिणीसमोर बसेना. गाडीमागून चालत राह्यला. कडूबाही उतरून त्याच्यासंगं चालू लागला.

नाल्याजवळ पुंजाजी थांबला अन् काठाले बसला. मी बैल थांबवले अन् तोंड फिरवलं. मागून बाजाराच्या गाड्या येऊन राह्यल्या होत्या. कडूबा रस्त्यात आडवा झाला, दोन्ही हात पसरून, पुंजाजीकडं पाठ करून. गाडीवाले शिव्या देत होते. तो नुसता रडत उभा होता, अन् एकबी गाडी त्यानं पुढं जाऊ दिली नाही.