बिनजिन्याचं घर

हिंगणघाटजवळच्या आमच्या गावात आईसाठी घर बांधलं, तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत होते. म्हाताऱ्या माणसांसाठी कमी विजेची, कमी सिमेंटची घरं आखणं हा माझा धंदाच. मातीच्या जाड भिंती, पश्चिमेला एकही खिडकी नाही, अंगणभर कडुनिंबाची सावली. भर मे महिन्यात कूलर लागत नव्हता! आणि जिना नाही. सत्तरी ओलांडलेल्या बाईला जिना कशाला? पडायची भीती गेली, वर सिमेंट-लोखंड वाचलं. गच्चीवर फक्त सोलरचे पॅनल. येईल त्याला मी हे फुशारकीनं सांगायचे.

आखण्याआधी आईला ढीगभर प्रश्न विचारले होते. गुडघे किती दुखतात, ओटा किती उंच हवा, उठताना कुठे धरतेस. उन्हाळ्यात कुरड्या कुठे वाळवशील, एवढं मात्र विचारलं नाही. बाई असून! लहानपणी गच्चीवर काठी घेऊन कावळे हाकलत बसायची ती मीच ना?

माझ्या त्या थंडगार घरात ऊन कुठेच येत नव्हतं, अंगणातसुद्धा नाही. गेल्या एप्रिलमध्ये आईनं गहू भिजवले, चीक शिजवला आणि ऊन शोधायला निघाली. पॅनल पुसणाऱ्यासाठी मीच आणून ठेवलेली शिडी भिंतीला टेकलेली होती. एका हातात चिकाचं पातेलं धरून ती चढली आणि पडली. खुबा मोडला.

सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. मी पोचले तेव्हा आई भेटायला आलेल्यांना सांगत होती, "अंगणात चक्कर आली मले, पडली."

सगळे गेल्यावर मी चिडलेच. "आई, खोटं कशाला बोलतेस?"

"मंग काय सांगू? तुया घराले नावं ठेवतीन लोकं. उद्या कोण येईन तुयाकडे?"

मी तिथेच ढसाढसा रडले. पण खरं काय ते मीही कुणाला सांगितलं नाही. लाज वाटते, पण नाहीच सांगितलं.

परवा कारंज्याचे एक दुकानदार आणि त्यांची बायको घर बघायला आले. त्यांना अस्संच बांधायचं होतं. आई वॉकर धरून दारापर्यंत आली.

"जिना नाई, तं अडत नाई का हो काकू?" बाईंनी विचारलं.

"काहाले अडते? पोरीनं सारा विचार करून बांधलं."

"अन् कुरड्या कुठी वाळवता?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता करतच नाई मी."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. आता तरी बोल, असं मी स्वतःला बजावलं. आणि म्हणाले, "भिंतीला हात लावून बघा ना, किती गार आहे."