हिरव्या कपाटाविरुद्धचं माझं पत्रक

गेल्या वर्षी जानेवारीत मी गावातल्या वाचनालयाविरुद्ध एक पत्रक काढलं. त्यानंतर वर्षभर मी जे काही वाचलं, ते त्या पत्रकापायी वाचलं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढची फजिती कुणी माझ्या आवडीनिवडीवर ढकलणार नाही.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मूळचे वर डोंगरातल्या आहुप्याकडचे. हिरड्याला भाव द्या, वाडीवर एसटी पाठवा, शाळेला मास्तर द्या, असं छापून वाटण्यात त्यांचं तरुणपण गेलं. घोडेगावच्या बाजूला खाली राहायला आल्यावरही ते थांबले नाहीत. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या गुलाबी कागदावर. पत्रक वाचायची आमच्या घरची एक रीत आहे. आधी कागद उलटा करायचा आणि शेवट वाचायचा, कारण मागण्या तिथे असतात. पटल्या तर वरचं वाचायचं, नाही पटल्या तर कागद चुलीत.

वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीच्या वरच्या खोलीतली चार कपाटं. तीन काचेची: चरित्रं, इतिहास, शेती. चौथं लोखंडी, हिरव्या रंगाचं. त्यात खून, भुतं आणि प्रेमप्रकरणं. काचेच्या कपाटांची कुलपं गंजली होती आणि हिरव्याचं दार सारखं उघडझाप करून कलंडलं होतं. मला हे सहन झालं नाही. मी लिहिलं, की हे कपाट समाजाला झोपवत आहे. खाली मागण्या टाकल्या. एक, हिरवं कपाट रद्दीत काढावं. दोन, त्या जागी विचारांची पुस्तकं आणावीत. तीन, वाचनालयाला सूचनाफलक हवा.

वडिलांनी मसुदा वाचला, अर्थात शेवटाकडून.

"तीनच? चार पायजेत. तीन मागण्यांवर मानसं इचार करत्यात. चौथीला दमत्यात आन सगळ्याच मान्य करत्यात."

म्हणून मी चौथी घातली: कोण काय वाचतो याची वर्षभराची नोंद वार्षिक सभेत सर्वांसमोर वाचून दाखवावी. पारदर्शकता हा शब्द मला तेव्हा फार आवडायचा. त्याखाली मी साठ सह्या गोळा केल्या.

वाचनालय एक निवृत्त गुरुजी सांभाळतात. त्यांनी पत्रक चष्मा पुसून पुसून वाचलं आणि म्हणाले, "चौथी मागणी आत्ताच मंजूर. सूचनाफलक बी लावू. कपाटाचं मात्र पुढच्या जानेवारीच्या सभेत ठरंल. तोवर तू त्यातलं काय काय वाचलंयस, ते सांग."

"काहीच नाही."

"मग न वाचता इरोध हाय, असं खाली लिहून दे."

हे मला झोंबलं. मी त्यांच्या देखत दोन पुस्तकं घेतली. एक शेतकरी चळवळींच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ, माझ्यासाठी. दुसरी हिरव्या कपाटातली कादंबरी, पुराव्यासाठी. तिचे नऊ भाग होते. एका मोठ्या घरातली सून लग्नानंतर तिसऱ्याच दिवशी नाहीशी होते आणि सगळं गाव तिला शोधत बसतं, एवढीच गोष्ट. आक्षेप टिपायला मी दोनशे पानी वही आणली.

पहिला भाग मी सवयीप्रमाणे मागून उघडला. शेवटच्या पानावर कुणीतरी एक दार उघडत होतं. मागणी नाही, ठराव नाही. दार कुणी उघडलं हे कळायला मागचं पान वाचावं लागलं, त्यासाठी त्याच्या मागचं. असं करत मी तो भाग उलटा संपवला आणि काहीच कळलं नाही म्हणून सुलटा वाचला. मग दुसऱ्या भागाचा पुरावा गोळा करणं भाग पडलं.

आमच्याकडे उसात बिबट्या असतो. दिवस कलला की माणसं दारं लावून आत बसतात. टीव्ही असतो, पण वीज असतेच असं नाही. हिरवं कपाट एवढं का चालतं, याचं निम्मं उत्तर मला त्या उन्हाळ्यात मिळालं. उरलेलं निम्मं त्या सुनेकडे होतं आणि ती काही सापडत नव्हती. वहीत पहिल्या भागावर अकरा पानं आक्षेप होते. दुसऱ्यावर चार. चौथ्या भागापुढे मी फक्त एवढंच लिहिलं होतं: "दिराचा संशय येतो."

इतिहासाचा ग्रंथ मी दर पंधरवड्याला नेऊन पुन्हा आमच्याच कार्डावर घेत होते. त्यात बत्तिसाव्या पानावर एसटीचं तिकीट होतं आणि ते वर्षभर तिथंच राहिलं.

जुलैत भाताच्या आवणीला आम्ही सगळे आहुप्याला गेलो. वडील दोनच दिवसांत गुडघा दुखतो म्हणून खाली परत आले. मी महिनाभर तिकडे चिखलात होते. सातवा भाग नेला नव्हता, आणि रोपं लावता लावता मी चुलत बहिणींना आधीचे सहा सांगितले. देवराईजवळच्या बांधावर भाकरी खाताना त्या मलाच विचारायच्या, "मंग फुडं?" समाजाला झोपवणारं साहित्य मी स्वतः डोंगरावर पोचवत होते.

परत आल्यावर शेजारच्या काकूंनी मला गाठलं. त्या दिवसभर टोमॅटोच्या तोडणीला जातात आणि त्यांच्या पिशवीत डब्याखाली नेहमी एक पुस्तक असतं.

"कपाट काढणार म्हनं?"

"काकू, पत्रकावर तुमची सही आहे."

"तू दारात आलीस, सही मागतीस, मंग काय न्हाई म्हनू? मला वाटलं पान्याचं हाय." मग त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "ह्ये बग, घरात मला कुनी काय इचारत न्हाई. दीस मावळला की ही एक तासभर माजी असती. तुजं ग्येलं तर नुसतं कपाट जाईल. माजं लई जाईल."

काकूंचं मला पटलं. पण साठ सह्या होत्या, सभा ठरलेली होती, आणि आमच्या घरात पत्रक मागे घ्यायची रीत नाही. मी सभेपर्यंत गप्प राहिले. या वर्षातली खरी लाज वाटावी अशी गोष्ट तेवढीच.

सभेला खोली भरली होती. चौथ्या मागणीनेच गर्दी जमवली होती. कोण काय वाचतं हे ऐकायला, ज्यांनी आयुष्यात पुस्तक उघडलं नाही तेही आले होते. वडील पहिल्या रांगेत बसले. गुरुजींनी नोंदवही उघडली.

"नावं वाचत न्हाई, फक्त सभासद क्रमांक वाचतो," ते म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. "सुरुवात पत्रक काढनाऱ्या सभासदापासनं करू. क्रमांक एकशे बारा. शेतकरी चळवळींचा इतिहास. पुन्हा तोच. पुन्हा तोच. पुन्हा तोच."

"लई अवघड असंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"हरवलेली सून, भाग पहिला. भाग दुसरा. भाग तिसरा."

"पुरावा हाय राव तो, हसू नका," दुसऱ्याने टोमणा मारला.

गुरुजी शांतपणे सहाव्या भागापर्यंत आले. मग म्हणाले, "जुलै. भाग पहिला. भाग दुसरा."

"गुरुजी, परत पयल्यापासनं?" खोली हसायला लागली.

मी हसले नाही, कारण जुलैत मी आहुप्याला होते. एकशे बारा हा क्रमांक आमच्या घराचा आहे आणि कार्ड देवळीत असतं. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. वडील छताच्या पंख्याकडे बघत होते. पंखा बंद होता. गुडघ्यावरचा त्यांचा हात मात्र हळूहळू गुडघा चोळायला लागला.

चाळीस वर्षं ज्यांनी तालुक्यातल्या प्रत्येक साहेबाकडे खुलासा मागितला, त्यांचा खुलासा एका वाक्यात करणं माझ्या हातात होतं. तेवढ्यात गुरुजींनी विचारलं, "एकशे बारा, दोनदा का घेतली?"

"आवडली म्हणून," मी म्हणाले.

एवढं बोलल्यावर पुढचं सोपं गेलं. मी उभी राहिले आणि सांगितलं, की पहिली मागणी मी मागे घेते, कारण ती न वाचता केली होती. चौथीही मागे घेते, कारण कुणी काय वाचावं याची हजेरी चारचौघांत घेणं मला आता अन्यायाचं वाटतं. बाकीच्यांच्या नोंदी वाचू नयेत. विचारांची पुस्तकं आणा, पण कपाट जागेवर राहू द्या आणि त्याचं दार दुरुस्त करा. काकूंनी सर्वांत आधी हात वर केला. ज्यांना इतरांच्या नोंदी ऐकायच्या होत्या ते चिडले, पण आपलीही पाळी येईल हे ध्यानात आल्यावर त्यांचेही हात वर झाले.

गुरुजींनी वही मिटली. "लेखी दे," एवढंच म्हणाले. ते पत्रक मी दुसऱ्याच दिवशी लिहिलं. तीनच मागण्या घातल्या.

घरी येताना मी वडिलांच्या गाडीवर मागे बसले होते. दोन्हीकडे ऊस. ओढ्याजवळ गाडी हळू करून त्यांनी विचारलं, "आठवा भाग तुज्याकडं हाय का?"

"आहे. नववाही वाचून झालाय. शेवटी काय होतं माहितीय, त्या दिराला..."

"शेवट सांगू नगं," ते म्हणाले आणि गाडीचा वेग वाढवला.