काचेआडच्या साबणवड्या

आमच्या साबणाच्या कारखान्यात दुसऱ्या मजल्यावर एक लांबलचक काचेची गॅलरी आहे. तिथून खालचं सगळं काम दिसतं. साबणाच्या पांढऱ्या शेवया यंत्राच्या पोटात पडतात, पुढच्या तोंडातून एकजीव होऊन जाड पट्टा बाहेर येतो, पात्याखाली त्याचे तुकडे होतात, तुकड्यांवर ठसा बसतो, आणि वड्या कागद पांघरून एकामागून एक खोक्यात जाऊन झोपतात. पाहुण्यांना माहिती सांगणं हे माझं काम. खरं तर काही सांगावं लागत नाही. माणसं काचेला नाक लावतात आणि गप्प होतात. ओसाकाची बडबडी माणसं गप्प बसणं ही साधी गोष्ट नव्हे. एकदा एक गृहस्थ त्यांची बस सुटायची वेळ झाली तरी पट्ट्यापुढून हलेनात. "बाई, आणखी एकदाच बघतो," म्हणाले. पट्टा तर न थांबता येतच होता. एकदाच म्हणजे काय, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गॅलरीच्या टोकाला, काचेपलीकडे, तोमिए-सान बसायच्या.

तोमिए किशिगामी. माहेर आमाकुसा बेटांवरचं. शाळा संपल्या संपल्या गावातल्या इतर पोरींबरोबर रेल्वेत बसून इथे आल्या. पहिल्या दिवशी त्यांना ठसे मारणाऱ्या बायकांच्या ओळीत उभं केलं, तर या बघतच राहिल्या. पायाने दांडा दाबला की वरून पितळी साचा खाली यायचा, आणि बोडक्या तुकड्यावर पाच पाकळ्यांचं किक्योचं फूल उमलायचं. जेवणाची घंटा झाली तरी यांचा पाय जागचा हलला नाही. मुकादमीण खेकसली, "ए बेटावरची! इथे बघायचा पगार नाही मिळत!" ही गोष्ट सांगताना त्या अजून हसायच्या.

पुढे साबण शिजवणाऱ्या यासुजींशी त्यांचं लग्न झालं. कढईतला साबण झाला की नाही, ते यासुजी जिभेच्या टोकाला लावून ओळखत. निवृत्त झाल्यावर त्यांना झटका आला आणि उजवं अंग लुळं पडलं. डोकं मात्र शाबूत. दिवसभर खिडकीशी बसून ते बायकोची वाट बघायचे आणि ती दारात आली की विचारायचे, "आजचा साबण कसा होता?"

नवी यंत्रं आली तेव्हा ठसे मारणाऱ्या बायका एकेक करून घरी गेल्या. साहेबांनी एक जुनं यंत्र आणि एकट्या तोमिए-सान ठेवल्या, गॅलरीसाठी. वर पाटी लागली: 'हातकाम'. सकाळी त्यांच्यासमोर कोरे तुकडे यायचे. त्या ठसा मारायच्या, कडेला आलेला साबण छोट्या सुरीने तासायच्या, अंगठ्याने कोपरा पुसायच्या, वडी ओळीत लावायच्या. पोरं टाळ्या वाजवायची. संध्याकाळी भरलेले क्रेट मागच्या दाराने जायचे. कुठे, ते त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. साबण विकायलाच जाणार, त्यात विचारायचं काय? मीही तेच धरून चालले होते. घरी यासुजी विचारायचे, "आज कुठे रवाना झाला?" मग या ठोकून द्यायच्या, "आज होक्काइदोला. थंडीत हात फुटतात ना तिकडच्या लोकांचे."

शरद ऋतूत आगीची तालीम झाली. भोंगा वाजला की ठरलेल्या वाटेने अंगणात जायचं. त्या वर्षी वाट बदलली होती, मागच्या शेडमधून. तोमिए-सान माझ्या पुढे होत्या. शेडमध्ये दळण्याच्या यंत्रापाशी कालचे क्रेट रचलेले होते. भोंग्याच्या घाईत तिथल्या माणसाचा एक क्रेट अर्धा ओतायचा राहिला होता. वरच्या वड्या स्वच्छ दिसत होत्या. तासलेल्या कडा, मधोमध फूल. खाली त्यांचाच भुगा.

तोमिए-सान थांबल्या. मागून लोक म्हणत होते, "चला, चला, पुढे चला." त्या चालू लागल्या.

दुपारी विभागप्रमुख नागामिने स्वतः येऊन भेटले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "किशिगामी-सान, त्या वड्या विकता येत नाहीत हो. वजनं थोडी मागेपुढे होतात, पॅकिंगच्या यंत्रात अडकतात. वाया काही जात नाही, परत शेवयाच होतात. आणि पाहुणे तुमच्यावर किती खूश आहेत!"

तोमिए-सान कमरेत वाकल्या. "तुम्हाला उगाच त्रास झाला," म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

त्या आठवड्यात त्यांनी सुरी खणात ठेवून दिली. कडा तशाच राहू लागल्या. मग तुकडा साच्यात तिरका बसू लागला. टाळ्या तेवढ्याच पडत होत्या.

"सुमिरे, आज मी सगळी फुलं उलटी मारली," एकदा डबा खाताना त्या म्हणाल्या. "कुणी काही बोललं?"

"नाही," मी म्हटलं.

"अगं, एक आजोबा तर डोळे पुसत होते. 'असली कारागिरी आता कुठे' म्हणून." आणि त्यांनी लोणच्याची फोड तोंडात टाकली.

हिवाळ्याच्या तोंडावर तोक्योहून दोन तरुण कॅमेरा घेऊन आले. दिवसभर त्यांनी चित्रण केलं. तोमिए-सानचे हात अगदी जवळून घेतले. "आजी, बोलू नका हं, दांड्याचा आवाज मस्त येतोय." ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. कुणी लिहिलं, झोप येत नाही तेव्हा मी हेच लावतो. कुणी लिहिलं, जीव शांत झाला.

मी परसातली पर्सिमॉनची फळं घेऊन त्यांच्याकडे गेले होते त्याच संध्याकाळी, सेवेला येणाऱ्या मुलीने तो व्हिडिओ कौतुकाने यासुजींपुढे धरला. तोमिए-सान चहा ओतत होत्या. यासुजींनी तो संपेपर्यंत पाहिला. मग डाव्या हाताने खूण केली, पुन्हा लाव. पुन्हा पाहिला.

"तोमिए."

"काय हो?"

"फूल सरकलंय."

त्यांच्या हातातली किटली तशीच राहिली.

"कडा तासल्या नाहीस. एकही नाही." यासुजींची जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट होते. "डोळे गेले का तुझे? की हात?"

तोमिए-साननी माझ्याकडे पाहिलं. मग किटली खाली ठेवली.

"हात," त्या म्हणाल्या. "हल्ली बोटं वळत नाहीत."

"मग सांगायचं नाही का? असला माल लोकांच्या घरी पाठवतेस? सोड आता काम."

"सोडते."

जिन्यात मी त्यांना म्हटलं, "तोमिए-सान, खरं का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? इतकी वर्षं मी रोज त्यांच्यासमोर वड्या गावोगाव पाठवल्या. आता सगळ्या परत आणू?"

वर्ष संपताना त्यांनी काम सोडलं. निरोपाला फुलं दिली, नागामिने दोन शब्द बोलले. यासुजींनी मात्र बायकोच्या बोटांचा ध्यासच घेतला. रोज संध्याकाळी तिचा हात मांडीवर घ्यायचे आणि आपल्या चालत्या डाव्या हाताने एकेक बोट चोळायचे. "आज जरा मऊ आहेत का?" विचारायचे. या म्हणायच्या, "हो, जरा." धडधाकट बोटं नवऱ्याच्या हातात देऊन बसायच्या. फेब्रुवारीत यासुजी गेले. आदल्या दिवसापर्यंत चोळत होते.

तोमिए-सानच्या जागी गॅलरीत आता मोठा पडदा लावलाय. त्यावर तीच चित्रफीत चालते. लोक यंत्रांपेक्षा तिथेच जास्त रेंगाळतात. मी तिथे पोचले की माझी माहिती आटोपती घेते.

परवा स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमध्ये त्या दिसल्या. निळा एप्रन, हातात फरशी पुसायचा दांडा. दुकान उघडायच्या आधी येतात, गिऱ्हाइकं यायच्या आत जातात. त्या दिवशी त्यांना जरा उशीर झाला होता म्हणून भेट झाली.

"इथे कुणी बघत नाही," त्या म्हणाल्या.

"बरं वाटतं का मग?"

माझ्या पायाशी पाण्याचा ओघळ आला होता, तो त्यांनी पुसून घेतला.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "काहीच वाटत नाही. सरक जरा, तिकडचं राहिलंय."