मेलेल्या बोटांचा माज

डॉक्टरीणबाईंनी मला डोळे मिटायला सांगितले. डावा हात टेबलावर उताणा ठेवायला लावला. म्हणाल्या, "पेनाचं टोक लावते. जिथे लागेल तिथे दुसऱ्या हाताचं बोट ठेवून दाखवा."

मी वाट बघत बसलो. बराच वेळ झाला. शेवटी मीच म्हणालो, "लावा की, बाई. मला वाणगावला परत जायचंय."

"काका, सहा वेळा लावून झालं," त्या म्हणाल्या.

मी डोळे उघडले. तळहातावर निळ्या शाईचे सहा ठिपके होते.

मग त्यांनी माझ्या कोपरामागे बोट फिरवलं. तिथे एक नस असते. कोपर कुठे आपटलं की ज्या नसेमुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती. तिला अल्नर नर्व्ह म्हणतात. माझी बेस गिटारच्या जाड तारेसारखी फुगली होती. पाठीवर लालसर चट्टे होते, तेही त्यांनी पिसाने तपासले. म्हणाल्या, "हॅन्सेन्स डिसीज आहे."

"मराठीत सांगा. मी चौथी नापास हाय."

"कुष्ठरोग."

मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "तुमी दुसऱ्या कुणाचा कागद वाचताय."

त्या चिडल्या नाहीत. बसा म्हणाल्या. हाच त्यांच्यातला आणि माझ्यातला फरक.

हे मी लिहितोय ते दया यावी म्हणून नाही. दया मला कधी चालली नाही, आजही चालत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या अंगावर बधिर चट्टा असेल आणि तो शर्टाखाली झाकून फिरत असेल, त्याच्यासाठी लिहितोय. अक्षर माझं आहे. काना-मात्रा सुनेने सुधारल्यात.

मी लीड गिटार वाजवायचो. चेष्टा नाही. बोईसरला कामाला लागलो तेव्हा आमच्या कंपनीत वसईकडचा एक फिटर होता, त्याच्याकडे शिकलो. आम्ही चौघांनी बँड काढला, नाव ब्लॅक डिझेल. कंपन्यांचे वार्षिक समारंभ, कॉलन्यांचे गणपती, हळदी, सगळीकडे वाजवलं. इंग्रजी गाणी म्हणायचो, अर्थ चौघांपैकी एकालाही ठाऊक नव्हता. पण आवाज असा काढायचो की मंडपाचे बांबू हलायचे.

गिटारवाल्याच्या डाव्या हाताच्या बोटांना तारा दाबून घट्टे पडतात. आधी फोड, मग रक्त, मग कातडं मरतं आणि लाकडासारखं होतं. तोच आमचा मान. माझी बोटं तर इतकी पक्की झाली होती की शेवटच्या गाण्यानंतर मी पेटती सिगारेट बोटाच्या टोकावर विझवायचो. पब्लिक वेडं व्हायचं. गाणं कुणाच्या लक्षात राहायचं नाही, सिगारेट राहायची.

मग डीजे आले. आमची शेवटची सुपारी एका हळदीची होती. तिसऱ्या गाण्याला नवरदेवाच्या मामाने येऊन वायर काढली. म्हणाला, "बस झालं भाऊ, आता पोरांना नाचू द्या." चौघांनी सामान टेम्पोत भरलं. पुन्हा एकत्र आलोच नाही.

मी घरी आलो आणि तो सगळा राग पोरावर काढला. नितीन तेव्हा अकरा वर्षांचा होता. मी रोज त्याला गिटार घेऊन बसवायचो आणि त्याची बोटं माझ्या हाताने तारांवर दाबायचो. तो रडायचा. विमल, माझी बायको, मध्ये पडायची. मी म्हणायचो, "बाजूला हो गो. बोटं मेल्याशिवाय गिटार येत नाय."

सोळाव्या वर्षी त्याने पक्कड घेतली आणि सहाच्या सहा तारा तोडल्या. वर म्हणाला, "तुमची बोटं मेलीत, बाबा. म्हणून दुसऱ्याला दुखतं ते तुमाला कळत नाय."

मी त्याच्या कानाखाली आवाज काढला. नोकरी लागल्यावर तो बोईसरला राहायला गेला. लग्नही तिकडेच केलं. रविवारी यायचा, आईशी बोलायचा आणि जायचा.

आता आजाराचं. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात पुतण्याच्या हळदीला लोक मागे लागले, "काका, ते सिगारेटवालं दाखवा." गिटार सोडून दोन वर्षं झाली होती. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं होतं, तार दाबली जायची नाही. मी म्हणायचो, वय झालं. सिगारेट पेटवली आणि करंगळीवर टेकवली. लोक शिट्ट्या मारतायत म्हणून मी ती दाबून धरली. बोंबील भाजल्यासारखा वास आला. पहिल्या रांगेतली एक बाई तोंडाला पदर लावून उठली. मला काही लागलं नाही. मी दुसरा हात वर करून सलाम केला.

खरं तर घट्टे कधीच गेले होते. वाजवणं सुटलं की सहा महिन्यांत बोटं परत पोरासारखी मऊ होतात, हे कुठलाही गिटारवाला सांगेल. मलाही माहीत होतं. मऊ बोट भाजतंय आणि लागत नाही, याचा विचार मी केला नाही. म्हटलं, जुना माल आहे, पक्का आहे. जखम जुलैपर्यंत भरली नाही तेव्हा पालघरला गेलो.

डॉक्टरीणबाईंनी सगळं समजावलं. हा जंतूंचा आजार आहे, टीबीसारखा. पाप नाही, शाप नाही. औषधाला एमडीटी म्हणतात, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र. माझ्यासाठी बारा महिने. सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. औषध सुरू झालं की दुसऱ्याला लागायची भीती राहत नाही. ताट वेगळं नको, अंथरूण वेगळं नको.

मग त्यांनी पेन उचललं. "घरात कोण कोण असतं? सगळ्यांना तपासावं लागेल."

मी म्हणालो, "कोण नाय. एकटा."

त्यांनी लिहून घेतलं.

खोटं का बोललो? गावात माझं नाव ब्लॅक डिझेलवाला. दारात तपासायला माणसं आली असती, तर दुसऱ्या दिवशी नाव बदललं असतं. एवढंच कारण. याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पहिल्या दिवसाच्या गोळ्या सिस्टरच्या समोर गिळाव्या लागतात. दुपारी लघवी लाल झाली. रक्त नाही ते, गोळीचा रंग. घाबरू नका. पुढे कातडी काळपट पडते, तीही औषध संपल्यावर हळूहळू उजळते. घरी मी सांगितलं की साखर निघाली. गोळ्यांचं पाकीट गिटारच्या पेटीत ठेवायचो. ती पेटी उघडायची कुणाची हिंमत नव्हती. वाणगावजवळच्या आरोग्य केंद्रात औषध मिळत असूनही दर महिन्याला पालघरला जायचो. तिथल्या बाकावर भिंतीकडे तोंड करून बसायचो. शेजारी माझ्यासारखेच बसलेले असायचे. मी कुणाशी बोललो नाही. मनात म्हणायचो, मी यांच्यातला नाही.

डिसेंबरात आमच्या वाडीत मिरचीचा तोडा सुरू झाला. ज्याने मिरची खुडली नाही त्याला सांगून कळणार नाही. संध्याकाळी हात पेटलेले असतात. ताकात घाला, तेल लावा, आग जात नाही. विमल चाळीस वर्षं ती आग सोसत आली.

एका संध्याकाळी ती पडवीत बसली आणि हात पुढे करून म्हणाली, "अवो, बघा ना. या वर्षी उजव्या हाताला आगच होत नाय. तुमच्या बोटांसारखे पक्के झाले माझे हात."

ती हसत होती. खूश होती बिचारी.

त्या क्षणी मला कळलं. शंका नव्हे, कळलं. मी म्हणालो, "वय झालं तुझं." आणि आत जाऊन रेडिओ लावला.

महिनाभर मी गप्प राहिलो. रोज तिचा हात बघायचो. भाकरी थापताना करंगळी बाहेर राहायला लागली होती. तिच्या हातून वाटी सुटली तर मी तिच्यावरच खेकसायचो. एकदा तोंड उघडलं होतं. "विमल" इतकंच म्हणालो. तिने विचारलं, "काय?" मी म्हणालो, "मीठ जास्त पडलंय." मीठ बरोबर होतं.

जानेवारीतल्या एका रविवारी नितीन आला होता. विमलने चुलीवरचा तवा हाताने उतरवला. फडकं घ्यायचं राहिलं. तवा धरून ती तीन पावलं चालली, खाली ठेवला, आणि म्हणाली, "काय जळतंय रे?"

नितीनने तिचा हात पाहिला आणि ओरडला. मी ओरडलो नाही. तो वास माझ्या ओळखीचा होता.

भाजलेल्यावर चार दिवस जवळच्या दवाखान्यात पट्टी केली. जखम चिघळली. तिथल्या डॉक्टरांनी बधिर हात पाहून पालघरला पाठवलं. रिक्षात नितीन पुढे, आम्ही मागे. रस्ता मला पाठ होता. दवाखान्यात मी कुणाला न विचारता डावीकडे वळलो, तेव्हा नितीनने मला पाहिलं.

खोली तीच. बाई त्याच. त्यांनी मला पाहिलं, विमलला पाहिलं, आणि विचारलं, "काका, तुम्ही तर एकटे राहता ना?"

विमलने माझ्याकडे बघितलं, मग बाईंकडे. "कोण एकटं? आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली."

बाईंनी तिला आजाराचं नाव सांगितलं. माझंही सांगितलं, कारण आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी विचारलं, "माझ्याकडूनच लागलं ना तिला?"

"कोणाकडून कोणाला ते सांगता येत नाही. हा आजार अंगावर दिसायला वर्षं लागतात. ते तुमच्या हातात नव्हतं." मग त्यांनी विमलची पट्टी सोडायला घेतली. "पण नस नुकतीच बधिर झालेली असेल तर स्टेरॉइडने, म्हणजे सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी, ती परत येऊ शकते. हात बधिर आहे हे आधी कळलं असतं तर यांनी तवा उघड्या हाताने धरला नसता. हे तुमच्या हातात होतं."

असं मला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. मी मान खाली घातली. तेही आयुष्यात पहिल्यांदाच.

जखमेतले जंतू हाडात गेले होते. विमलच्या उजव्या हाताची दोन बोटं पहिल्या पेरापर्यंत काढावी लागली. ऑपरेशनच्या दिवशी मी आणि नितीन बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मला वाटलं, तो आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मी बोललो होतो तुमाला. सोळा वर्षांचा होतो तेव्हाच."

विमल वॉर्डात पाच दिवस माझ्याशी बोलली नाही. सहाव्या दिवशी मी चहा घेऊन गेलो. तिने कप घेतला नाही. छताकडे बघत म्हणाली, "तुमाला साखर हाय म्हणून मी सहा महिने तुमच्या चहात साखर नाय घातली. तुमाला वाईट वाटू नये म्हणून मी पण बिनसाखरेचा प्याले."

या आजारात मला सुई लागली नाही, विस्तव लागला नाही. हे लागलं.

दवाखान्यातून ती नितीनबरोबर बोईसरला गेली. जाताना म्हणाली, "माईकवर उभे राहून लोकांना बोट जाळून दाखवायचात. आता त्याच माईकवर हे सांगा. मग माझ्या दारात या."

मी आठ दिवस घरात एकटा होतो. खोटं बोललो होतो ते खरं करून बसलो होतो. भाकरी येत नव्हती. वळलेल्या बोटांनी डाळ निवडता येत नव्हती. नवव्या दिवशी माईक आणि अ‍ॅम्प्लिफायर पुसले आणि हातगाडीवर घालून मिरचीच्या काट्यावर नेले. सकाळी तिथे सगळा गाव माल मोजायला येतो.

कुणीतरी ओरडलं, "काका, आज कोणतं गाणं?"

मी म्हटलं, "आज गाणं नाय." आणि सगळं सांगितलं. आजाराचं नाव, खोटं, विमलची दोन बोटं. दोन माणसं काटा सोडून निघून गेली. एकाने माझ्या हातचं पाणी नको म्हटलं, मी तरी कुठे देत होतो. पण दुपारी तीन जण घरी आले. एकेकटे, मागच्या दाराने. त्यातल्या एका बाईने पदर सारून पाठीवरचा चट्टा दाखवला. मी पिसाने तपासला नाही, मी डॉक्टर नाही. रिक्षा बोलावली आणि तिघांना पालघरला घेऊन गेलो. त्या दिवशी बाकावर भिंतीकडे पाठ करून बसलो.

नितीनच्या घरच्यांना तपासलं. सगळे स्वच्छ निघाले. काळजी म्हणून एकेक डोस दिला.

माझं औषध आता संपत आलंय, विमलचं चालू आहे. जंतू मरतात, गेलेली नस नेहमी परत येत नाही. म्हणून आमच्यासारख्यांनी रोज हात तपासायचे. पाण्यात भिजवायचे, तेल चोळायचं, कुठे चिरलं भाजलं ते डोळ्यांनी बघायचं, कारण हात काही सांगत नाही. मी रोज सकाळी बोईसरला जातो. पहिले दोन आठवडे तिने हात दिला नाही. नितीनच दार उघडायचा, मी बसून परत यायचो. मग एक दिवस तिने बादली आणली आणि हात पुढे केला.

आता मी तिचे हात बघतो, ती माझे. तिची नजर माझ्यापेक्षा बारीक आहे. बोटाच्या बेचक्यातली चीरही सोडत नाही.

डॉक्टरीणबाईंचे आणि सिस्टरचे उपकार आहेत. त्यांनी मला बसा म्हटलं नसतं तर मी त्या दिवशी उठून गेलो असतो. तुम्हाला कुणी विचारलं, घरात कोण कोण आहे, तर नावं सांगा. एकही गाळू नका.

हात बघून झाले की विमल चहा करते. स्वतःच्या कपात दोन चमचे साखर घालते. माझ्या कपात अजून घालत नाही. मी मागत नाही.