दगाआप्पांची अर्धी गोळी

मेडिकलसमोरच्या बाकड्यावर बसणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही. लोक गोळी घेऊन जातात आणि गोष्ट तिथेच ठेवून जातात. आमच्या म्हसावदच्या बाकड्याखाली अशा किती साचल्यात, देव जाणे!

*

दगाआप्पा माझे शेजारी, बाकड्यावरचेही. काहीही दुखलं की त्यांना गॅसच वाटायचा. चघळायची गोळी घ्यायचे, अर्धी स्वतः खायचे, अर्धी मला द्यायचे. छाती माझीही जळायची.

दुकानदार महेशभाऊंनी एकदा समजावलं, "ही गोळी साधी आहे, आप्पा. पोटातले बुडबुडे फोडते. रक्तात उतरत नाही. जशी आत जाते, तशीच बाहेर पडते."

आप्पा म्हणाले, "म्हंजे पाव्हनासारखी! पाव्हना तरी जेवस, हाई ते जेवत बी नई!"

सगळे हसले. मला मात्र वाटत राहिलं, आपल्या आतून कुणीतरी न बोलता चालत जातं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

*

गल्लीतल्या एका नव्या सुनेने गॅसची गोळी खाल्ली आणि तिचे ओठ सुजले, डोळे मिटले. सासू लिंबू उतरवत बसली. महेशभाऊ धावत गेले. "गोळी साधी असली तरी एखाद्याला सोसत नाही! अशी सूज आली की गोळी बंद आणि थेट दवाखाना!"

सासू सुनेच्या सुजलेल्या तोंडाकडे बोट दाखवत म्हणाली, "नीट देखा भाऊ, हाई ते मन्ही मेलेली सासू शे!"

सूज उतरली, सून घरी आली. पण ती समोर आली की सासू अजूनही डोक्यावर पदर घेते!

*

सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून परतणारा एक जण दुकानापुढे घोडा घेऊन उभा राहिला. घोड्याचं पोट फुगलं होतं. तो मान वळवून सारखा स्वतःच्या पोटाकडे बघत होता.

"माणसाची गोळी याला चालायची नाही," महेशभाऊ म्हणाले. "जनावरांच्या डॉक्टरकडे ने, लगेच."

घोडा निघाला, चार पावलांवर थांबला. त्याने मान वळवली. या वेळी पोटाकडे नाही, दगाआप्पांच्या छातीकडे. पापणी न हलवता बघत राहिला.

आप्पा ओरडले, "मन्हाकडे काय देखस रे? गॅस तुले शे!"

हसताना त्यांचा हात छातीवर होता.

*

त्या दिवसापासून महेशभाऊंनी आम्हा दोघांना गोळी देणं बंद केलं. "खाल्ल्यावर पोट फुगतं ते वेगळं. चाललं की छाती दाबते, घाम फुटतो, हात दुखतो, त्याला गॅस म्हणू नका. गोळीने ढेकर येईल आणि खरं दुखणं आत तसंच राहील. शहाद्याला जा, ईसीजी काढा."

"सकाय जासू ना भाऊ!" आप्पा रोज उद्या सकाळचा वायदा करायचे. आणि दुसऱ्या दुकानातून गोळी आणून अर्धी माझ्या हातावर ठेवायचे.

त्यांची ती सकाळ उजाडलीच नाही. भर दुपारी बाकड्यावर बसल्या बसल्या गेले. मूठ उघडली, तर माझी अर्धी गोळी तशीच होती.

*

दशक्रियेला नदीवर पिंड ठेवला. कावळा समोरच्या बाभळीवर बसलेला, पण शिवेना. मुलगा हात जोडून म्हणाला, "आप्पा, मायले मी संभाळसू." कावळा हलला नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नाचा शब्द दिला. नाही. शेवभाजी ठेवली, बट्टी ठेवली. नाही. ऊन चढलं, बायका रडायला लागल्या.

मी मागे उभा होतो. नदीचा उतार उतरताना छाती दाबली होती, म्हणून खिशात जपून ठेवलेली आप्पांच्या मुठीतली ती अर्धी गोळी तोंडात टाकली होती. कावळा पिंडाकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. पापणी न हलवता.

मी मनात म्हणालो, "आप्पा, सकाय जासू."

कावळ्याने पंख उघडले आणि परत मिटले.

मी गोळी वाळूत थुंकली. "आप्पा, आतेच जासू."

तो सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

मी तिथूनच जीपमध्ये बसलो. शहाद्याच्या दवाखान्यात काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "कोणी पाठवलं, काका?"

"म्हसावदच्या दगाआप्पांनी," माझ्या तोंडून निघून गेलं.

तिने मान वर केली नाही. "बसा. सकाळपासून त्यांनी पाठवलेले तुम्ही दुसरे!"