बेलफळ

वेम्बलीच्या दुकानात बटाट्यांच्या क्रेटशेजारी बेलफळं दिसली, एक हातात घेतलं, आणि बाबा गेले त्या वर्षी आईचं मन रमावं म्हणून तिला स्लाऊहून नेपाळला नेलं होतं, ते आठवलं. काठमांडूजवळच्या नेवारी गावांची दिवसभराची टूर होती. विटांच्या घरांवर मक्याच्या माळा, घाण्यावरच्या मोहरीच्या तेलाचा नाकात बसणारा वास, आणि पुढे चालत हिंदीत माहिती सांगणारी पन्नाशीची गाईड. एका देवळात पुजाऱ्याने टिळा लावायला हात पुढे केला तशी आई मागे सरकली. "मला नको, मिस्टर गेलेत माझे." गाईडच्या कपाळावर ठसठशीत लाल टिळा होता. ती म्हणाली, "आमा, माझेही गेले. पण आम्हा नेवारी लोकांत लहानपणीच मुलीचं बेलफळाशी लग्न लावतात. तो नवरा कायमचा, म्हणून आम्ही विधवा होतच नाही." आई हळूच म्हणाली, "मग तुला रडू येत नाही का गं?" गाईडने तिचा हात धरला. "येतं ना, आमा. फळ बोलतं कुठे?" आईने टिळा लावून घेतला आणि परतताना गाडीत, बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच, हमसून हमसून रडली. उगाच आणलं हिला, असं मला वाटलं. दुकानातलं ते फळ मी घरी घेऊन आले. ह्यांना जाऊन आता वर्ष होईल. फळ टेबलावर ह्यांच्या जागी ठेवलंय, आणि आज चहा टाकताना सवयीने तोंडातून निघून गेलं, "अहो, अर्धा कप घेणार का?"