खिडक्यांवरचे शिंतोडे

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराची धग होती तेव्हाची गोष्ट. चुडाव्याकडं एका नव्या वसतिगृहाचं रंगकाम आम्ही दोघं करायचो, मी आणि उत्तम. मी मराठ्याच्या घरचा, तो बौद्धवाड्यातला. डबा मात्र एकत्र खायचो. मशीननं भिंतीवर रंग फवारायचा तर आधी खिडक्यांच्या लोखंडी चौकटींना कागद चिकटवावे लागतात, नाहीतर शिंतोडे उडून तिथंच वाळतात. एक दिवस उत्तम परभणीला मोर्चाला गेला. जाताना म्हणाला, "कागद लावल्याबिगर मशीन चालू करू नको." मी हो म्हणालो — आणि लावले नाहीत. कंटाळा आला. एवढंच. दुसरं काय कारण सांगू?

आठवड्यानं आमचा गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, आला. चौकटींवरून हात फिरवला, सगळं खरखरीत. "कुणी केलं हे?" उत्तम पाणी आणायला गेला होता. माझ्या तोंडून त्याचंच नाव निघालं. भ्यालो होतो? हो. पण गुत्तेदार म्हणाला, "विद्यापीठाचं नाव बदलाया निघालेत, अन् ह्यांला कागद लावता येईना!" — तेव्हा मी हसलो. हसायला मला कुणी सांगितलं होतं?

सगळ्या खिडक्या उत्तमनं एकट्यानं साफ करायच्या, असं ठरलं. मी त्याला म्हणालो, "कागदाचं चुकलं माझं. पण तुझं नाव म्या न्हाई घेतलं, त्यानंच घेतलं." त्याला खरं वाटलं. का नाही वाटणार?

"गप ऱ्हा," म्हणाला. "बोललास तर तुझं बी काम जाईल. मी घासतो."

तीन दिवस तो पत्ती आणि थिनरनं खरवडत होता. मी शेजारच्या खोलीत. ती करकर ऐकायचो, उठायचो — परत बसायचो. वरच्या झडपांचा रंग निघेना, म्हणून गुत्तेदारानं पाण्यात कालवून लावायला कास्टिक सोडा दिला. चौथ्या दिवशी तेच पाणी वरून त्याच्या दोन्ही डोळ्यांत आलं. ती किंकाळी... मी धावलो, माठ त्याच्या तोंडावर रिकामा केला, एसटीनं परभणीला नेलं. वाटभर माझा हात धरून तो एकच विचारत होता, "दिसंल ना रे? दिसंल ना?" मी म्हणत होतो, "दिसंल." उजवा डोळा गेला.

तेव्हा तरी सांगायचं ना? दवाखान्यात त्याच्या उशाशी बसलो होतो. तोंड उघडलं — आणि चहा आणू का, असं विचारलं.

पुढं त्याच्या पोरीचं लग्न झालं. त्यानं मला ओढत नेऊन व्याह्यांपुढं उभं केलं. "ह्यो नसता तर दुसरा डोळा बी गेला असता. लय उपकार हायेत ह्याचे."

व्याह्यानं वाकून माझे पाय धरले. मी धरू दिले.